हर्मन्सबर्गला जावं का? जावं, पण दिवस मोकळा ठेवून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मे महिन्यात ॲलिस स्प्रिंग्जला चार रात्री मुक्काम आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि बारा वर्षांची मुलगी. वडील निवृत्त चित्रकला शिक्षक. हर्मन्सबर्गचं जुनं मिशन, म्हणजे ख्रिस्ती पाद्र्यांनी वसवलेली वस्ती, यादीत ठेवायचं की गाळायचं, हे ठरत नाही, कारण कुणीतरी सांगितलं की एवढं लांब जाऊन चार पांढऱ्या इमारती आणि एक जुनं चर्च एवढंच बघायला मिळतं. शिवाय साधी गाडी चालेल का, परवाना लागतो का, शाकाहारी माणसांनी खायचं काय, आणि मूलनिवासींच्या वस्तीत पर्यटक म्हणून जाणं बरं दिसतं का, हेही तुम्ही विचारलं आहे.

मी मध्य ऑस्ट्रेलियात मराठी कुटुंबांच्या सहली आखते आणि बऱ्याचदा त्यांच्याबरोबर जातेही. माझं उत्तर सरळ आहे : जा. तुमच्या वडिलांसाठी तर नक्कीच जा. पण ज्यांनी तुम्हाला 'चार पांढऱ्या इमारती' म्हणून सांगितलं त्यांचंही मी खोटं म्हणणार नाही. तिथली गोष्ट ठाऊक नसताना गेलं तर डोळ्यांना खरोखर तेवढंच दिसतं. उलुरूच्या प्रचंड लाल खडकासारखं हे ठिकाण पाहताक्षणी मनात ठसत नाही. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न अंतराचा नाही. आधी थोडी तयारी करायची आणि त्या दिवसात दुसरं काही कोंबायचं नाही, याला घरातले सगळे तयार आहेत का, हा आहे. तयार असाल तर पुढचं वाचा. नसाल तर स्टँडली चॅझमची अरुंद घळ आणि एलरी क्रीकचा डोह बघायला जा, सुंदर दिवस जाईल आणि कुणाची निराशा होणार नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. मे हा उत्तम महिना आहे. दिवसा ऊन सुखाचं असतं, पहाटे मात्र बोचरी थंडी पडते. हाच प्रश्न तुम्ही जानेवारीसाठी विचारला असता तर आई-वडिलांना घेऊन जाऊ नका असं म्हटलं असतं, कारण तेव्हा पारा सहज चाळिशी गाठतो. दुसरं म्हणजे मिशनच्या आवाराच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घ्या. तिसरं, गावात कुणाचं निधन झालं तर काही दिवस वस्तीचे व्यवहार बंद किंवा मंद असतात. त्याला तिथे 'सॉरी बिझनेस' म्हणतात. असं झालं तर निमूट बेत बदलायचा, वाद घालायचा नाही.

आता ही जागा नेमकी आहे काय ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही उपयोगाचं नाही.

हर्मन्सबर्ग ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला साधारण 130 किलोमीटरवर, फिंक नदीच्या काठी आहे. नदी म्हणजे बहुतेक काळ रुंद, कोरडं, वाळूचं पात्र आणि काठाने उभे पांढऱ्या खोडांचे गम, म्हणजे निलगिरीच्या जातीचे, वृक्ष. जगातल्या सर्वांत जुन्या नद्यांमध्ये तिची गणना करतात. हा सगळा प्रदेश पश्चिम अरांडा लोकांचा, आणि गावाचं त्यांचं नाव न्तारिया. मिशन येण्याच्या कितीतरी आधीपासून ही त्यांची पवित्र जागा होती. ओसाड जमिनीवर पाद्र्यांनी गाव वसवलं, अशी समजूत करून जाऊ नका.

1875 च्या ऑक्टोबरात केम्पे आणि श्वार्त्झ हे दोन जर्मन लुथरन (प्रॉटेस्टंट पंथाचे) पाद्री दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यातून मेंढ्या, गुरं आणि घोडे घेऊन उत्तरेला निघाले. वाटेत दुष्काळ पडला, पुढे पाणी नव्हतं, म्हणून डलहौसीच्या झऱ्यांपाशी कित्येक महिने थांबावं लागलं. 1877 च्या जूनमध्ये ते फिंकच्या काठी पोचले, म्हणजे वाटेतच जवळजवळ वीस महिने गेले. जर्मनीतल्या ज्या संस्थेत ते शिकले तिच्या गावाचं नाव त्यांनी इथे दिलं. वाळवंटात गव्हाची शेती, भाजीपाला आणि जर्मन धाटणीची दगडी घरं, असा त्यांचा संसार सुरू झाला. चौदा वर्षांत तो कोलमडला. आजार, दुष्काळ, एकटेपणा. केम्पेंची पत्नीही तिथेच वारली. 1891 मध्ये पहिली फळी निघून गेली. 1894 मध्ये कार्ल स्ट्रेलो हा तरुण पाद्री आला आणि 1922 पर्यंत राहिला. आज तुम्ही ज्या इमारती बघणार त्यांतल्या कितीतरी त्याच्या काळातल्या आहेत. शाळा 1896 ची, चर्च आणि त्याचं राहतं घर 1897 च्या सुमाराचं. 1926 मध्ये आल्ब्रेख्ट हे पाद्री आले, ते 1952 पर्यंत राहिले. 1982 मध्ये जमीन कायद्याने मूळ मालकांना परत मिळाली. 2006 मध्ये हे आवार ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत आलं. आज आजूबाजूला नांदतं गाव आहे आणि जुनं मिशन त्या गावाच्या मधोमध आहे.

सनावळी एवढी पुरे. माझ्याबरोबर येणाऱ्यांना मी तीन धागे धरायला सांगते : पाणी, भाषा आणि चित्रं. या तिन्हींतून आवारातली जवळजवळ प्रत्येक वस्तू उलगडते.

पाण्यापासून सुरुवात करा, कारण आपल्याकडे दुष्काळ पाहिलेल्या माणसाला हा धागा लगेच कळतो. विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात इथे भयंकर दुष्काळ पडला. भाज्या नाहीत, फळं नाहीत, शिध्याचं पीठ, साखर आणि चहा यांवर माणसं जगत होती. 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारी स्कर्व्ही पसरली आणि पुष्कळ माणसं गेली. त्यांत लहान मुलं फार. काही किलोमीटरवर कापोरिल्या नावाचा बारमाही झरा होता. तिथून नळाने पाणी आणलं तर बाग पिकेल आणि मुलं वाचतील, हे आल्ब्रेख्टना कळत होतं, पण पैसा नव्हता. तो उभा केला मेलबर्नच्या चित्रकारांनी. ऊना आणि व्हायोलेट टीग या बहिणी इथे येऊन गेल्या होत्या. परत गेल्यावर त्यांनी चित्रांचं प्रदर्शन भरवून निधी जमवला आणि 1935 मध्ये झऱ्याचं पाणी उताराने वाहत मिशनपर्यंत आलं. नळ टाकण्याचं कष्टाचं काम अरांडा माणसांनी केलं. आवारात खजुराची झाडं दिसतील, पाण्याच्या सोयीच्या खुणा दिसतील. तिथे मुलीला ही हकीकत सांगा. त्या आवारातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे, आणि फलकांवरचा मजकूर भराभर वाचत पुढे गेलं की नेमकी हीच सुटते.

दुसरा धागा भाषेचा. स्ट्रेलोच्या घरात शिराल तेव्हा हे लक्षात ठेवा की याच भिंतींमध्ये बसून त्याने अरांडा आणि शेजारच्या लोरिच्या लोकांच्या कथा, गीतं, नात्यांच्या व्यवस्था म्हाताऱ्या जाणकारांकडून ऐकून लिहून घेतल्या. ते लेखन 1907 पासून पुढे फ्रँकफर्टहून जर्मनमध्ये छापलं गेलं. आज अरांडा कुटुंबं आपल्या पूर्वजांची माहिती शोधताना त्या नोंदींकडेही वळतात. पण हाच माणूस पाद्री म्हणून त्यांच्या पारंपरिक विधींना कधी हजर राहिला नाही, आणि मिशनच्या आवारात त्या विधींना थाराही नव्हता. ज्याने त्यांचं एवढं जपून ठेवलं त्यानेच ते आचरणात राहू नये म्हणून प्रयत्न केले. या दोन गोष्टी एकाच घरात घडल्या, आणि त्यांतली एक झाकून दुसरी सांगता येत नाही. त्याची पत्नी फ्रीडा हिचाही उल्लेख करायला हवा. बाळंतिणींची आणि तान्ह्या मुलांची तिने घेतलेली काळजी हे इथल्या वस्तीची संख्या टिकून राहण्याचं एक मोठं कारण मानलं जातं.

स्ट्रेलोचा शेवट तुमच्या मुलीला नक्की आवडेल, म्हणजे त्यातलं दुःख तिला समजेल. 1922 च्या ऑक्टोबरात तो इतका आजारी पडला की डॉक्टर गाठल्याशिवाय इलाज नव्हता. रेल्वे तेव्हा दक्षिणेकडच्या ऊडनाडाटा गावापर्यंतच होती. ॲलिस स्प्रिंग्जला गाडी यायला 1929 साल उजाडलं. घोडागाडीवर खुर्ची बांधून, त्यात त्याला बसवून फिंकच्या कोरड्या पात्रातून प्रवास सुरू झाला. बरोबर त्याचा चौदा वर्षांचा मुलगा थिओडोर होता. हॉर्सशू बेंड या ठाण्यावर स्ट्रेलोने प्राण सोडला. हा मुलगा मिशनवरच जन्मलेला, अरांडा मुलांबरोबर त्यांची भाषा बोलत वाढलेला. पुढे तो त्या भाषेचा मोठा अभ्यासक झाला आणि त्याने बायबलचा नवा करार अरांडामध्ये उतरवला. ॲलिस स्प्रिंग्जच्या अराल्युएन परिसरात त्याच्या नावाचं संशोधन केंद्र आहे.

अरांडा भाषेतली भक्तिगीतं आजही गायली जातात. जर्मन चाली, अरांडा शब्द. मध्य ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी स्त्रियांचं एक गायकवृंद ती गीतं घेऊन 2015 मध्ये जर्मनीला जाऊन आलं. ज्या देशातून ती स्तोत्रं आली तिथेच त्यांनी ती आपल्या भाषेत ऐकवली. रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी ख्रिस्ती भजनं नगरकडे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हे परकं वाटणार नाही. बाहेरून आलेला धर्म लोकांनी आपल्या जिभेवर घेतला की तो त्यांचा होतो, आणि मग 'हे त्यांच्यावर लादलेलं आहे' एवढं एकच वाक्य अपुरं पडतं. मोझेस चालकाबोटा नावाचे एक अंध अरांडा प्रवचनकार होते. ते वाळवंटभर फिरून आपल्या लोकांत धर्म सांगत. त्यांना कुणी जबरदस्तीने पाठवलेलं नव्हतं.

लादलं गेलंच नाही असं मात्र मी म्हणत नाही. शिधा मिळण्यासाठी काम आणि प्रार्थना, मुलांना आईबापांपासून वेगळ्या निवासात ठेवणं, जुन्या चालीरीतींना मनाई, हे सगळं इथे घडलं. आणि त्याच काळात मिशनच्या कुंपणाबाहेर काय चाललं होतं तेही ठाऊक हवं. 1889 मध्ये विल्शायर नावाच्या पोलिसाने फिंकच्याच काठी बॉगी होल इथे ठाणं मांडलं होतं. तो मूलनिवासींना ठार मारतो आणि छळतो अशा तक्रारी पाद्र्यांनीच केल्या. 1891 मध्ये त्याच्यावर खुनाचा खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. गुरांच्या मळ्यांचे मालक, पोलीस आणि बंदुका यांच्यापासून लांब राहण्यासाठी कितीतरी कुटुंबं मिशनवर आली. आसरा आणि धाक दोन्ही एकाच जागी होते. आवारात फिरताना कुणी फक्त एकच बाजू सांगत असेल, मग तो गाइड असो की नातेवाईक, तर दुसरी बाजू तुम्ही सांगा.

आता तिसरा धागा, तुमच्या वडिलांसाठी. आल्बर्ट नामाजिरा 1902 मध्ये याच मिशनवर जन्मला. सुतारकाम, लोहारकाम, उंट हाकणं, पडेल ते करायचा. मल्गा या वाळवंटी झाडाच्या लाकडावर तापलेल्या तारेने नक्षी काढून विकायचा. 1934 मध्ये रेक्स बॅटरबी आणि जॉन गार्डनर या चित्रकारांनी मिशनवर आपल्या जलरंगांचं प्रदर्शन मांडलं. ते पाहून नामाजिराने ठरवलं की हे आपल्याला यायला हवं. 1936 मध्ये बॅटरबीच्या उंटांबरोबर वाटाड्या म्हणून तो दोन महिने हिंडला आणि मोबदल्यात जलरंग शिकून घेतले. दोन वर्षांनी मेलबर्नला त्याचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं आणि सगळी चित्रं विकली गेली.

जलरंगात निसर्गचित्र करणाऱ्या शिक्षकाला त्या चित्रांत काय दिसेल याचा मी अंदाज करू शकते. हळदणकर, आचरेकर यांची परंपरा त्यांनी पाहिलेली असेल. नामाजिराने ज्या टेकड्या रंगवल्या त्या आपल्या सह्याद्रीसारख्या धुक्यात विरघळत नाहीत. हवा कोरडी असल्याने वीस-तीस किलोमीटरवरचा कडाही धारदार दिसतो, आणि सावली निळी-जांभळी पडते. शहरातल्या समीक्षकांना ते रंग भडक वाटले. प्रत्यक्ष सकाळी नऊ वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता ॲलिसजवळच्या मॅकडोनेल डोंगररांगेकडे बघितलं की कळतं, त्याने रंग वाढवलेले नाहीत. शिवाय ते त्याचे पूर्वजांचे प्रदेश होते. झाड कुठलं, कडा कुठला, हे तो जाणून रंगवत होता. वडिलांना रंगपेटी आणि छोटी वही घेऊन यायला सांगा. आवारातल्या झाडाखाली बसून एक चित्र करण्याइतका वेळ त्यांना द्या. हे मी सहज म्हणून सांगत नाही. तुमच्या दिवसाचं वेळापत्रक मी याभोवती आखेन.

नामाजिराची पुढची हकीकत मात्र त्यांना जाण्याआधीच सांगून ठेवा. चित्रांना देशभर मागणी, 1954 मध्ये कॅनबेराला राणी एलिझाबेथची भेट, आणि तरीही त्याला गुरं पाळायला जमिनीचा पट्टा मिळाला नाही. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधायची परवानगी मिळाली नाही, कारण तो मूलनिवासी. 1957 मध्ये त्याला आणि पत्नी रुबिनाला नागरिकत्वाचे हक्क दिले गेले. त्यामुळे त्याला दारू विकत घ्यायची मुभा मिळाली, पण नातेवाइकांना ती देणं गुन्हा. अरांडा घरात जे मिळतं ते वाटून घ्यायचं असतं. 1958 मध्ये त्याच गुन्ह्यासाठी त्याला शिक्षा झाली आणि पापुन्या इथे दोन महिने स्थानबद्धतेत काढावे लागले. 1959 च्या ऑगस्टमध्ये तो गेला. 1983 मध्ये सरकारी विश्वस्ताने त्याच्या चित्रांचे हक्क एका प्रकाशन संस्थेला किरकोळ रकमेत विकून टाकले. कुटुंबाला न्याय मिळाला तो 2017 मध्ये, तेव्हा हक्क त्यांच्या न्यासाकडे परत आले. गावाबाहेर त्याने चाळिशीच्या दशकात बांधलेलं दोन खोल्यांचं घर अजून उभं आहे. ते बघता येईल का हे मिशनच्या कार्यालयात विचारा.

त्याच्या नातवंडा-पतवंडांपैकी काही जण आजही जलरंगात काम करतात. ॲलिस स्प्रिंग्जमधल्या इल्चा न्जारा या कलाकेंद्रात ते भेटू शकतात. हर्मन्सबर्गमध्ये 1990 पासून स्त्रियांची कुंभारशाळा आहे. त्यांची भांडी हातानेच वळलेली असतात. झाकणावर पक्षी, घोडा, गाय, कधी फुटबॉल खेळणारा माणूसही बसवलेला असतो, आणि अंगावर तिथलाच निसर्ग रंगवलेला असतो. तुमच्या मुलीला ते फार आवडेल. तिथे जायचं तर आधी विचारून जा, ती कामाची जागा आहे.

म्हणजे तुमच्या 'बरं दिसतं का' या प्रश्नाशी आपण आलोच. जुनं मिशन पाहुण्यांसाठी खुलं ठेवलेलं आहे, त्यामुळे तिथे जाण्यात काही गैर नाही. गैर होतं ते कुंपणाबाहेर. गल्ल्यांतून गाडी हळूहळू फिरवत घरांचे फोटो काढणं, मुलांना जवळ बोलावून खाऊ देणं आणि त्यांच्याबरोबर फोटो घेणं, 'खरे आदिवासी कसे राहतात' हे डोकावून बघणं, हे करू नका. आपल्या वाड्यात कुणी असं शिरलं तर आपण काय म्हणू? दुकानात जा, पाणी घ्या, नमस्कार-चमत्कार करा, कुणी बोललं तर बोला. माणसांचा फोटो विचारल्याशिवाय नाही. गेलेल्या माणसांची नावं आणि छायाचित्रं याबाबत तिथे संवेदनशीलता असते, त्यामुळे जुन्या फोटोंपुढे मोठ्याने चर्चा टाळा. डोंगरातल्या पवित्र जागांबद्दल चौकशी करू नका. जे सांगायचं असतं ते फलकावर लिहिलेलं असतं. आणि दारू सोबत नेऊ नका, गावात ती कायद्याने बंद आहे. डिकीत बंद बाटली असली तरी दंड होऊ शकतो. परतीच्या वाटेवर उघडू म्हणून घेतलेली बाटली मी निघण्याआधीच खोलीवर ठेवायला सांगते.

परवान्याचं असं आहे. ॲलिस स्प्रिंग्जहून लारापिंटा ड्राइव्ह या रस्त्याने मिशनच्या आवारापर्यंत जायला परवाना लागत नाही. आवार बघायचं तिकीट असतं. पण हर्मन्सबर्गच्या पुढे मेरीनी लूप या रस्त्याने किंग्ज कॅन्यन या दरीकडे जायचं असेल तर पास घ्यावा लागतो आणि तो रस्ता बराचसा कच्चा असू शकतो. भाड्याच्या साध्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर बहुधा चालत नाही. करारात बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, ते वाचा. त्याच करारात अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी चालवण्याबद्दलही अट असू शकते. ती पाळाच. संध्याकाळी कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात. म्हणून माझा नियम असा की सूर्यास्ताच्या तासभर आधी गाडी हॉटेलच्या आवारात उभी हवी.

हर्मन्सबर्गपर्यंतचा रस्ता डांबरी आहे आणि साध्या गाडीने दीड-पावणेदोन तासांत पोचता येतं. आपला इंग्रजीतला परवाना चालतो, तरी आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढून न्या, गाडी देणारे मागतात. इंधनाची टाकी ॲलिसमध्येच भरा. माणशी चार-पाच लिटर पाणी गाडीत हवंच, मे असला तरी. वाटेत फोनची रेंज जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा. पाऊस पडून गेला असेल तर सरकारी 'रोड रिपोर्ट एनटी' या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती बघून मगच निघा. वाळवंटात पाऊस क्वचित येतो, पण आला की ओढे रस्त्यावरून वाहतात. माशांसाठी डोक्यावरून घ्यायची जाळी घ्या. आई-वडील आधी नको म्हणतील, दहा मिनिटांत मागतील.

आई-वडिलांच्या दृष्टीने आवार सोपं आहे. सपाट आहे, इमारती जवळजवळ आहेत, बसायला सावली आहे. गुडघे दुखत असतील तरी चालेल. जमीन मात्र धुळीची आणि खडबडीत आहे, म्हणून चपला नको, बूट हवेत.

खाण्याचं : स्ट्रेलोच्या जुन्या घरात चहाची खोली आहे आणि तिथला सफरचंदाचा श्ट्रूडेल, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, प्रसिद्ध आहे. अंडं चालत नसेल तर आधी विचारा. पण जेवण म्हणून त्यावर विसंबू नका, कारण चहाची खोली बंदही असू शकते. ॲलिसमधून पोळ्या, भाजी, फळं घेऊन निघा. भारतातून घरचं खाणं आणत असाल तर विमानतळावर प्रत्येक वस्तू जाहीर करा. ऑस्ट्रेलियात याबाबत सवलत नाही, आणि दुधाचे पदार्थ, बिया, ताजी फळं काढून घेतली जातात.

आता पाम व्हॅलीबद्दल, कारण हर्मन्सबर्ग म्हटलं की हा प्रश्न येतोच. तिथे लाल कॅबेज पाम नावाची झाडं आहेत, जी जगात या भागातच आहेत असं दीर्घकाळ मानलं जात होतं. शेकडो किलोमीटर उत्तरेकडच्या पामांशी त्यांचं अगदी जवळचं नातं आहे हे जनुकीय अभ्यासातून पुढे आलं, आणि 2012 मध्ये संशोधकांनी म्हटलं की बिया माणसांनीच आणल्या असाव्यात. स्ट्रेलोने 1894 मध्येच एक अरांडा कथा टिपून ठेवली होती, की उत्तरेकडून आलेल्या देवांनी या बिया आणल्या. पण रस्ता फिंकच्या पात्रातून आणि खडकांवरून जातो. चारही चाकांना जोर देणारी, उंच बांध्याची गाडी आणि तसा सराव असल्याशिवाय जाऊ नका. तुमच्याकडे साधी गाडी असेल तर ॲलिसहून सहल करणाऱ्या गाडीत बसा. मात्र त्या सहलींत मिशनला फार थोडा वेळ मिळतो आणि धक्के खूप बसतात. म्हणून तुमच्या घरासाठी मी पाम व्हॅली सोडून देईन.

चार रात्रींत मी असं बसवलं असतं. पोचल्याच्या दिवशी दुपारी अराल्युएन परिसर, म्हणजे तिथलं संग्रहालय आणि नामाजिराची चित्रं. ही पायरी चुकवू नका, कारण मूळ चित्रं आधी पाहिली की दुसऱ्या दिवशी रस्त्यावरचे डोंगर ओळखीचे होतात. दुसरा दिवस पूर्ण हर्मन्सबर्गला. सकाळी आठ-साडेआठला निघा, दहाच्या सुमाराला पोचा. आधी चर्च आणि शाळा, मग स्ट्रेलोचं घर, मग पाण्याच्या खुणा, लोहारशाळा आणि कातडी कमावण्याची जागा. जेवून वडिलांना चित्र काढायला बसवा, तोवर तुम्ही आणि मुलगी भांडी बघा. तीन वाजता परत फिरा. तिसरा दिवस स्टँडली चॅझम आणि एलरी क्रीक. चौथा दिवस विश्रांती आणि कलाकेंद्र. उलुरू याच चार रात्रींत उरकायचं मनात असेल तर तो विचार सोडा. ॲलिसपासून ते साडेचारशे किलोमीटरवर आहे, त्याला वेगळ्या दोन रात्री द्या.

गाडी नक्की कोणती घेताय आणि सोमवार ते रविवार यांपैकी कोणता दिवस हर्मन्सबर्गला पडतोय, हे कळवलंत तर वेळा आणखी नेमक्या सांगते. रविवार शक्यतो टाळा : गावातलं दुकान आणि कुंभारशाळा तेव्हा उघडी असतील असं धरून चालता येत नाही, आणि सकाळी लोक प्रार्थनेला गेलेले असतात.